टायरवरचा पाना

बायको गेल्यावर माणसांत बसायची माझी हक्काची जागा एकच उरली होती, ती म्हणजे गाडीचं सर्व्हिस सेंटर. लिहितानाही ओशाळायला होतं, पण खरं तेच आहे. मुलगी नाशिकला. तिला तिचा संसार, सासूचं आजारपण. रविवारी तिचा फोन येतो, "बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्यात का?" एवढं विचारेपर्यंत तिकडे कुकरची शिट्टी होते आणि ती "ठेवते हं" म्हणते. बाकीचे सहा दिवस घरात आवाज फक्त फ्रीजचा.

सर्व्हिस सेंटरला गेलं की कुणीतरी काचेचं दार उघडायचं, काउंटरवरची मुलगी "या सर, बसा" म्हणायची, मशीनचा चहा मिळायचा आणि दिवसभर बसलो तरी का बसलात म्हणून कुणी विचारायचं नाही. सहा महिन्यांनी करायची सर्व्हिसिंग मी चार महिन्यांनी करायचो. मध्ये एखादा महिना रिकामा गेला तर दार करकरतं, वायपर नीट पुसत नाही, अशी काहीतरी तक्रार शोधून काढायचो.

गाडी बायकोच्या हट्टाने घेतलेली. तिला दर गुरुवारी गणेशपुरीला जायचं असायचं आणि एस.टी.त उभं राहून तिचे गुडघे सुजायचे. तीन वर्षं आम्ही गाडीने गेलो. मग ती गेली. गुरुवार मी चालूच ठेवला. देवासाठी नव्हे, गुरुवारी दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून.

मी भिवंडीत चाळीस वर्षं लूमवर जॉबर होतो. लूम बंद पडला, धोटा उडायला लागला, कापडात खोट यायला लागली की कारागीर जॉबरला हाक मारतो. कारखान्यात चोवीस लूम एकदम चालू असले तरी त्यातला कुठला बिनसलाय ते मला दारातूनच कळायचं. माणसांचं बोलणं हल्ली थोडं कमी ऐकू येतं, मशीनचं मात्र अजून येतं. त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या त्या गार खोलीत माझा जीव रमायचा तो सोफ्यावर नव्हे, पलीकडच्या काचेपाशी. काचेतून वर्कशॉप दिसायचं. मी तिथे उभा राहून बघत राहायचो.

तिथला एक मेकॅनिक हे दर वेळी बघायचा. चाळिशीचा, अंगाने बारीक, बोलायला कमी. गणेशपुरीच्या बाजूला आत कुठेतरी त्याचं गाव होतं, तिथून मोटरसायकलने यायचा. एकदा हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मशीनवरचे माणूस दिसता."

"कशावरून?"

"सगळे गाडीच्या रंगाकडे बघतात. तुम्ही खाली बघता."

मी लूमचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "साहेब जेवायला गेला की या आत. पण गुपचूप. पाटी लावलीय तिथे." दारावर पाटी होती, ग्राहकांना आत प्रवेश नाही. त्या दिवसापासून दर सर्व्हिसिंगला सुपरवायझरचा डबा उघडला की मी पाटीखालून आत जायचो. तो काम करायचा, मी बोलायचो. लूमच्या गोष्टी, जुन्या मालकांच्या गोष्टी, कारखान्यातली भांडणं. तो मधून मधून "मग?" म्हणायचा. त्या 'मग'साठी मी चार महिने थांबत असे.

आता जे लिहितो ते मी दीड वर्ष कुणालाही सांगितलं नव्हतं.

तो मंगळवार होता. माझी गाडी लिफ्टवर वर चढवलेली होती, टायर माझ्या तोंडासमोर. त्याने खालचा चेंबरचा नट काढून जुनं तेल पूर्ण सोडलं. इंजिनचं तेल ज्या भांड्यात साठतं त्याला ते लोक चेंबर म्हणतात. तळाचा तो एक नट नीट आवळलेला नसेल तर सगळं तेल रस्त्यावर. तेल गळून झाल्यावर त्याने नट हातानेच दोन-तीन फेरे फिरवून बसवला आणि पाना उचलला. तेवढ्यात पलीकडून हाका सुरू झाल्या. कुणातरी बड्या माणसाच्या गाडीचा हॉर्न अडकून वाजत होता, थांबतच नव्हता. त्याने हातातला पाना पुढच्या टायरवर ठेवला, "आलोच काका" म्हणाला आणि धावला.

मी एकटाच गाडीखाली उभा. टायरवर पाना.

लूमच्या कारखान्यात मशीनवर पाना ठेवणं हा गुन्हा असतो. लूम थरथरतो, वर ठेवलेला पाना सरकत सरकत खाली ताण्यात पडतो आणि शेकडो तारा एकदम तुटतात. एक एक तार जोडत बसायला कारागिराचा अख्खा दिवस जातो. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात मशीनवर पाना दिसला म्हणून माझ्या पोटरीवर तोच पाना मारला होता. चाळीस वर्षांत कुणाचाही पाना मशीनवर दिसला की माझा हात आपोआप जायचा. तसाच गेला. मी पाना उचलला, फडक्याने पुसला आणि ट्रेमध्ये ठेवला. ट्रेमधले बाकीचे पाने अस्ताव्यस्त पडले होते. तेही लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले. रिकाम्या हातांना काम मिळालं, बरं वाटलं. मग सुपरवायझरचा आवाज आला म्हणून मी पटकन बाहेर सोफ्यावर जाऊन बसलो.

त्याची पद्धत वेगळी होती, हे मला ठाऊक नव्हतं. काम अर्धं राहिलं की तो पाना टायरवर ठेवायचा. टायरवर पाना आहे म्हणजे खालचा नट आवळायचा आहे. पाना ट्रेमध्ये गेला म्हणजे काम झालं. वीस मिनिटांनी हॉर्नच्या कटकटीतून तो परत आला, टायरवर पाना दिसला नाही. त्याने गाडी खाली उतरवली आणि वरून नवं तेल भरलं. सुपरवायझरने कागदावरच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, चेंबर नटाच्याही, खाली वाकूनसुद्धा न बघता. गाडी धुऊन, पुसून माझ्या ताब्यात दिली.

गुरुवारी मी गणेशपुरीला निघालो. शेलार गाव मागे टाकलं आणि पुढच्या खड्ड्यांच्या पट्ट्यात गाडी दोनदा जोरात आपटली. मागे कंटेनर, पुढे कंटेनर. थोड्या वेळाने समोर तेलाचा लाल दिवा लागला. बाजूला घ्यायला जागा नव्हती. दीडेक किलोमीटर तसाच गेलो. तेवढ्यात इंजिनातून आवाज यायला लागला. तेल संपलेल्या लोखंडाचा आवाज मला कुणी शिकवायला नको. एका चहाच्या टपरीसमोर चिखलातच गाडी घातली आणि बंद केली. मागे बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ, नजर पोचेल तिथपर्यंत.

टपरीवाला म्हणाला, "बाबा, गाडीचा पोट फुटला."

मी बाकावर बसून गाडी ओढून नेणाऱ्या टोचनची वाट बघितली. फोन हातात होता. कुणाला लावायचा ते कळेना. नाशिकला लावला असता तर ती घाबरली असती. बायको असती तर म्हणाली असती, "चला, एस.टी. बघू." शेवटी टपरीवाल्यालाच दोनदा सगळं सांगितलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नवा नट लावला, तेल भरलं, गाडी चालू केली आणि म्हणाले, काही झालेलं नाही. मॅनेजर तरुण, उत्तरेकडचा, गोड बोलणारा. "अंकल, टेन्शन मत लो. इंजन एकदम मक्खन चल रहा है."

पण सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की दोन-तीन सेकंद खालून ठकठक व्हायची आणि मग थांबायची. मी गाडी घेऊन जायचो, तोवर इंजिन गरम झालेलं, आवाज गायब. रात्रभर ठेवून घ्या म्हटलं तर मी पोचायच्या आतच कुणीतरी सकाळी गाडी चालू करून पुढे-मागे केलेली असायची. इंजिन खराब झालंय असं कुणी म्हणेना, नाही झालं असं लिहूनही कुणी देईना. असे सहा-सात आठवडे गेले.

"अंकल, आवाज गाडी में नहीं, आपके कान में है," मॅनेजर म्हणाला.

"चाळीस साल मशीन का आवाज सुना है मैंने."

"वो लूम था अंकल. ये गाडी है."

हे मला लागलं. घरी येऊन मी लेखी तक्रार केली, एक प्रत कंपनीच्या मोठ्या कचेरीला पाठवली. इंजिन खोलून आतली बेअरिंग दाखवा, एवढीच मागणी. मग मात्र त्यांनी बोलावून घेतलं.

केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. मॅनेजर, सुपरवायझर, तो मेकॅनिक आणि मी. तो भिंतीला टेकून उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मॅनेजरने त्याला विचारलं, "नट टाइट किया था?"

तो म्हणाला, "किया होगा सर."

"होगा मतलब?"

"काम बाकी हो तो मैं पाना टायर पे रखता हूँ. उस दिन टायर पे रखा था, ये पक्का याद है. फिर वो हॉर्नवाली गाडी आई. वापस आया तो टायर पे पाना नहीं था. मतलब मैंने टाइट करके ही रखा होगा."

त्या क्षणापर्यंत मला खरोखरच काही माहीत नव्हतं. त्या क्षणी सगळं कळलं. माझ्या उजव्या हाताला तो पाना जाणवला.

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही त्या वेळी आत होतात का? हा गिऱ्हाईकांना आत घेतो असं ऐकलंय."

मी म्हणालो, "नाही. मी बाहेर सोफ्यावर बसलो होतो."

तो भिंतीपाशी होता. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं आणि मग खाली मान घातली. त्याने तोंड उघडलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी नंतर कित्येकदा स्वतःला सांगितलं. पण त्याने तोंड उघडावं ही अपेक्षा तरी मी का ठेवावी? तोंड मलाही होतं.

का खोटं बोललो? इंजिन फुकटात दुरुस्त व्हावं म्हणून, असं कुणाला वाटेल. ते थोडं होतंच. पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. मॅनेजर म्हणाला होता, 'वो लूम था अंकल.' आणि आता कळणार होतं की या म्हाताऱ्याच्या लूमच्या सवयीनेच हे घडलं. चाळीस वर्षांत मी तेवढी एकच गोष्ट कमावली होती, मशीनमधलं मला कळतं. ती त्या पोरसवदा मॅनेजरसमोर टाकून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी इंजिन खोललं. बेअरिंगवर चरे पडले होते. माझा कान बरोबर ठरला. सगळं नवीन बसवून दिलं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मॅनेजर किल्ली देताना म्हणाला, "उसको निकाल दिया अंकल. आपका केस क्लोज."

मी किल्ली घेतली.

त्यानंतर सर्व्हिस सेंटरला माझं मन रमेना. दार उघडायचे, चहा द्यायचे, पण मी दिसलो की सगळे सावध व्हायचे, तक्रारवाला म्हातारा आला म्हणून. काचेपाशी उभा राहिलो तर आतला माणूस गाडीच्या पलीकडे जाऊन काम करायचा. मी तिथे बसणं सोडलं.

मग तलावाकाठच्या कट्ट्यावर जायला लागलो. तिथे संध्याकाळी आमच्या वयाची पाच-सात माणसं जमतात. निवृत्त कंडक्टर, एक शाळामास्तर, किराणा दुकान मुलाला सोपवलेला एक जण. मला तिथे कुणी विशेष ओळखत नव्हतं. मी गाडीची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून ओळखायला लागले.

"हे आपले जॉबर," कंडक्टर नव्या माणसाला सांगायचा, "कंपनीला पाणी पाजलं यांनी. कानाने इंजिन तपासतात."

"आमच्या हिचा पण आवाज तपासा हो," दुकानदार म्हणायचा. "सकाळी पहिल्यांदा चालू झाली की थांबतच नाही."

सगळे हसायचे. मीही. पाना सोडून बाकी गोष्ट मी रंगवून सांगायचो. मॅनेजरची नक्कल करायचो. एकदा मास्तर म्हणाले, "त्या मेकॅनिकला मात्र चांगली अद्दल घडली. असल्या निष्काळजी लोकांना अशीच पाहिजे." मी म्हणालो, "हो ना." घरी येऊन भात टाकला आणि गॅस बंद करायला विसरलो. पातेलं जळलं.

दीड वर्ष ही गोष्ट माझं पोट भरत होती, असं म्हटलं तर चालेल. ती सांगितली की माणसं सरकून जागा द्यायची.

मग दुकानदाराच्या मुलाच्या गाडीत काहीतरी घोळ झाला. "चला हो जॉबर, तुमच्या नुसत्या तोंडावर काम होईल," म्हणत तो मला घेऊन त्याच सर्व्हिस सेंटरला गेला. मॅनेजर तोच. त्याने आम्हाला या वेळी सन्मानाने वर्कशॉपच्या आत नेलं. आतल्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवला होता. त्यावर माझ्या गाडीच्या चेंबरचा फोटो, नट नसलेलं भोक. खाली मोठ्या अक्षरांत 'निष्काळजीपणाचा परिणाम'. आणि त्याखाली त्या मेकॅनिकचं नाव, आडनावासकट.

मी म्हणालो, "ये अभी तक क्यों लगाया है?"

"नये लडकों की ट्रेनिंग के लिए, अंकल. सब याद रखते हैं."

दुकानदार कौतुकाने म्हणाला, "बघा, तुमची गाडी भिंतीवर गेली."

मी तिथून बाहेर आलो. दुकानदाराला म्हटलं, मला बरं वाटत नाही. ते खोटं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीचं पान फाडून मी मॅनेजरला पत्र लिहिलं. त्या मंगळवारी मी आत होतो, टायरवरचा पाना मी उचलला, केबिनमध्ये मी खोटं बोललो, कागद काढून टाकावा. पत्र नेऊन हातात दिलं. मॅनेजरने ते माझ्यासमोर वाचून घेतलं, म्हणजे काउंटरवरच्या मुलीने त्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, अब क्यों? केस क्लोज है." आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यानंतर मला आत सोडत नाहीत. कागद भिंतीवर आहे की काढला, मला सांगता येणार नाही.

राहिला तो मेकॅनिक. सर्व्हिस सेंटरमधल्या गाड्या धुणाऱ्या माणसाने सांगितलं, त्याला दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपने घेतलं नाही. मेकॅनिक लोकांत गोष्ट लगेच पसरते. तो आता हायवेजवळच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, खोकी चिकटवतो. पहिली शिफ्ट दोनला सुटते.

मी दोनला गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. पहिल्या दिवशी तो बाहेर आला आणि मला हाक मारता आली नाही. त्याची मोटरसायकल माझ्यासमोरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच थांबला. त्याच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे होते.

"काय काका, इकडे कुठे?"

मी सांगितलं. गेटसमोर, धुळीत, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांतच सांगितलं, कारण बाजूला चल म्हणायचा धीर झाला नाही. तो ऐकून घेत होता. झाल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी संध्याकाळी ट्रे बघितला तेव्हा हसलो होतो. पाने सगळे लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले. आमच्यात असं कोण लावतो? म्हटलं, काकांनी लावले. पण टायरवरचा पण तुम्हीच उचललात, ते केबिनमध्ये डोक्यात आलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? गिऱ्हाईक आत घेतला म्हणून नोकरी तशीही गेलीच असती." त्याने बोटावरची चिकटपट्टी सोलली. "आणि तुमच्या वयाच्या माणसाला चारचौघांत तोंडावर खोटा कसा म्हणू?"

मला माफ कर, असं मी म्हणालो असेन. नीट आठवत नाही. त्याचं उत्तर मात्र आठवतं.

"मला सांगून काय उपयोग काका? मला माहीतच होतं. सांगायचं असेल तर माझ्या बापाला सांगा." मग एकदम बोलायला लागला, पूर्वी कधी बोलला नव्हता एवढं. "बापाने आयटीआयला घातलं होतं. गावात कुणाचा पंप, कुणाचा ट्रॅक्टर बिघडला की बाप म्हणायचा, माझ्या पोराला बोलवा. आता गावभर झालंय, नट न लावता गाडी दिली. विहिरीवरचा आमचा स्वतःचा पंप बिघडला तरी बाप दुसऱ्या गावचा माणूस बोलवतो. माझ्या हातात पाना देत नाही. दीड वर्ष."

"चल," मी म्हणालो. "आत्ता चल."

त्याने मोटरसायकल गेटवरच्या वॉचमनकडे ठेवली आणि माझ्या शेजारी बसला. बायको गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. शेलार मागे पडलं. मग तो थोडा पुढे वाकला, कान देऊन ऐकल्यासारखा, आणि म्हणाला, "इंजिन चांगलं बसवलंय." मी हूं म्हणालो. लूमची एकही गोष्ट मला आठवली नाही.

त्याचं गाव मुख्य रस्त्यापासून आत. भातकापणी होऊन गेलेली, अंगणात पेंढ्याची उडवी. तो फाटकापाशीच थांबला. "मी आत येत नाही. तुम्ही जा."

ओटीवर खाटेवर त्याचा बाप बसला होता. माझ्याच वयाचा, उघडा, खांद्यावर टॉवेल. सुनेने मला पाणी आणून दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. म्हातारा म्हणाला, "कोन हाय?"

मी मुलाच्या जुन्या कामावरचा गिऱ्हाईक, असं सांगितलं.

"काय म्हनता?"

सून म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्याने बोला."

मी तयारी करून आलो होतो. वाटेत मनात वाक्यं जुळवली होती, सौम्य, सावकाश सांगायची. ती सगळी निकामी झाली. मोठ्याने सांगायची गोष्ट फिरवून सांगता येत नाही. मी ओरडून म्हणालो, "गाडीचा नट राहिला ती चूक तुमच्या मुलाची नव्हती. त्याने पाना खुणेला ठेवला होता. मी तो उचलला."

"कुनी उचलला?"

"मी."

"तुमी?"

"हो. मी. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मी आत नव्हतो म्हणून सांगितलं."

शेजारच्या घरातली दोन माणसं अंगणात येऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. माझा आवाज चिरकला. कट्ट्यावर ही गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेल, पण पाना घालून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी, पहिल्यांदाच.

म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, अजूनही ऐकू आलं नाही. पण त्याला आलं होतं.

"मंग दीड वरीस काय करत व्हते?"

गोष्ट सांगत होतो, असं कसं म्हणणार?

"ह्यो रोज जेवायला बसला की मी तोंड फिरवला," म्हातारा म्हणाला. माझ्याशी नव्हे, खाटेच्या काठाशी बोलल्यासारखं. "दीड वरीस. पोरानं एक शबुद सांगितला न्हाय."

सून दारातून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही खरं मानलं असतं का?"

म्हाताऱ्याने टॉवेलने तोंड पुसलं. मग तिला म्हणाला, "पंप चार दिस झाले बंद हाय. त्याला म्हनावा, जरा बघ."

सून खाली उतरून फाटकाकडे गेली. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि उठलो. म्हातारा मला बसा म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही. त्याने खाटेखालून पत्र्याची जुनी पेटी पायाने पुढे ओढली, कडी उघडली आणि आतली हत्यारं हाताने चाचपायला लागला.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा तो आत येत होता. अरुंद वाट, आम्ही समोरासमोर आलो. त्याने बाजूला होऊन मला जायला जागा दिली.

"मोटरसायकल गोडाऊनला राहिली तुझी," मी म्हणालो. "उद्या सकाळी न्यायला येऊ का?"

"नको काका. एस.टी. आहे." मग म्हणाला, "आणि गाडी दुसरीकडे दाखवत जा. माझ्याकडे आणू नका."

"नाही आणणार."

तो आत गेला. मी गाडीत बसलो, पण लगेच निघालो नाही. विहीर रस्त्यावरून दिसत होती. थोड्या वेळाने दोघं तिकडे गेले, बाप मागे पेटी घेऊन. तो उकिडवा बसला, पंपाचं झाकण काढलं. बाप शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता, हात हलवत, बहुधा चुकीचंच सांगत असेल, आणि तो मान हलवत होता. मी किल्ली फिरवली. इंजिनचा आवाज ऐकून त्याने वर बघितलं नाही.

भिवंडीत शिरेपर्यंत अंधार पडायला आला होता. कट्ट्यावर माणसं जमली असणार. मी गाडी थेट घरी नेली.